गोळ्या घ्याव्यात की पिशवी साफ करून घ्यावी?

तगर

नमस्कार. इथे गेली सहा-सात वर्षं वाचते आहे, लिहिलं फार कमी. आज लिहिते आहे कारण घरात कुणाजवळ बोलायची सोय नाही.

वय ३३. मुलगा साडेतीन वर्षांचा, सिझेरियनचा. पाळी बारा दिवस पुढे गेली म्हणून घरीच पट्टी पाहिली, दोन रेघा उमटल्या. काल सोनोग्राफी झाली. ६ आठवडे २ दिवस, गर्भ पिशवीतच आहे. आत्ता मूल नको हे माझं आणि नवऱ्याचं ठरलेलं आहे, त्यावर चर्चा नको अशी विनंती.

प्रश्न त्यापुढचा आहे. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तुला दोन्ही रस्ते मोकळे आहेत. गोळ्या घे नाहीतर पिशवी साफ करून घे. शुक्रवारपर्यंत विचार करून सांग." इतकी वर्षं प्रत्येक डॉक्टर मला काय करायचं ते सांगत आला, आणि आज खरोखर सांगायला हवं होतं तर माझ्यावर सोडलं.

घर दोन खोल्यांचं, संडास-बाथरूम एकच. सासूबाई-सासरे गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले आहेत, अजून तीन आठवडे राहतील. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही. ज्यांनी यातलं काही केलं आहे त्यांनी जे घडलं ते तसंच सांगा. गोड करून नको.

जुईली

मी गोळ्या घेतल्या होत्या, २०१९ मध्ये, ७ आठवड्यांना. पहिली गोळी दवाखान्यातच डॉक्टरांसमोर. त्या दिवशी थोडी मळमळ, बाकी काही नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसलाही गेले. पुढच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी सकाळी घरी. दोन तासांत थंडी वाजायला लागली, दात कडकडा वाजत होते, दोन वेळा जुलाब झाले, आणि मग कळा. पाळीच्या कळांच्या तिप्पट म्हण. साधारण चार तास जोरात अंगावरून गेलं, लिंबाएवढ्या दोन गाठी पडल्या. संध्याकाळी एकदम हलकं वाटलं, वरण-भात जेवले. पुढे अकरा दिवस थोडंथोडं जात होतं.

मला हेच बरं वाटलं. माझं घर, माझी गादी, गरम पाण्याची पिशवी, दार लावलेलं. कुणी परकं माणूस नाही. पण घरी मी आणि नवरा दोघंच होतो, हे मुद्दाम सांगते.

रानवारा

माझा अनुभव नाही, चुलत बहिणीचा आहे. गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका. तिला वीस-बावीस दिवस रक्तस्राव थांबेना, हिमोग्लोबिन ७ वर आलं, शेवटी पिशवी साफ करावीच लागली. दोन्ही त्रास तिने भोगले. एकदाच काय ते करून मोकळं व्हावं.

जुईली

@रानवारा, वाईट वाटलं वाचून. तिने सोनोग्राफी केली होती का? गोळ्या कुणी दिल्या?

रानवारा

सोनोग्राफी नाही. नवऱ्याने ओळखीच्या मेडिकलमधून आणल्या. किती आठवडे झालेत तेही नक्की माहीत नव्हतं. नंतर दवाखान्यात कळलं की अकरा आठवडे होऊन गेले होते.

आंबेमोहर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी १९ वर्षं प्रॅक्टिस. रानवारा यांच्या बहिणीचं वाचून बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण अशी बाई महिन्याला एक तरी माझ्या दारात येते. तिच्या बाबतीत चूक गोळ्यांची नव्हती. आठवडे मोजलेले नव्हते आणि सोबत कुणी जाणकार नव्हतं.

दोन्हींचं काम कसं चालतं ते सांगते. पहिली गोळी प्रोजेस्टेरॉनचं काम बंद पाडते. गर्भ ज्याच्या आधाराने पिशवीला धरून असतो तो आधार सुटतो. २४ ते ४८ तासांनी घ्यायच्या गोळ्या पिशवीला कळा आणतात आणि ती रिकामी होते. म्हणजे शरीर गर्भस्राव करतं तेच, आपण सुरुवात करून दिलेली. ९ आठवड्यांच्या आत नीट दिल्या तर शंभरातल्या ९५ ते ९८ जणींचं पूर्ण होतं. राहिलेल्या दोन-पाच जणींची पिशवी साफ करावी लागते. हे आधीच सांगितलेलं असलं की बाई घाबरत नाही.

दुसऱ्या पद्धतीला आपल्याकडे अजून सगळे 'क्युरेटिंग' म्हणतात. तो शब्द जुना झाला. लोखंडी चमच्याने खरवडायचं ते क्युरेटिंग, आणि ते आता करू नये असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आता हवेच्या दाबाने ओढून घेतात. पिशवीच्या तोंडाशी भुलीचं इंजेक्शन, मग पेनाच्या रिफिलपेक्षा थोडी जाड अशी प्लॅस्टिकची नळी आणि तिला जोडलेली हाताने चालवायची मोठी सिरिंज. पाच ते दहा मिनिटं. तास-दोन तास पडून राहायचं आणि घरी. शंभरातल्या ९८-९९ जणींचं एकाच खेपेत होतं. पिशवीला इजा व्हायचा धोका हजारात साधारण एकीला.

तगर, पहिलं सिझेरियन असलं तरी या आठवड्याला दोन्ही चालतं. तुमच्या मॅडमनी तुमच्यावर सोडलं ते बरोबर केलं. वैद्यकीय दृष्ट्या पारडं सारखं असेल तर तुमचं घर, तुमची झोप, तुमची भीती यावर ठरवायचं असतं, आणि त्यातलं मला किंवा त्यांना काय कळणार?

डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही. उद्या कुणी हा धागा वाचून एकटीने घेऊ नये म्हणून.

पिंपळपान

बाकी कुणी म्हणत नाही म्हणून मी म्हणतो. आपल्या शास्त्रात भ्रूणहत्या महापाप मानली आहे. तुम्ही चर्चा नको म्हणालात, पण मला न लिहिता राहवलं नाही. मनापासून सांगतो, पुन्हा एकदा विचार करा.

निवृत्त_सिस्टर

पिंपळपान, तुम्ही मनापासून लिहिलंत, मीही तसंच लिहिते.

१९६९ साली मी नर्सिंगला लागले. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला एक खोली होती, तिला आम्ही 'सेप्टिकची खोली' म्हणायचो. चित्रकाची काडी घालून घेतलेल्या, सुईणीकडे जाऊन आलेल्या बाया तिथे असत. खोलीत शिरायच्या आधीच वास यायचा. एक होती, पाचवं बाळंतपण नको म्हणून गेलेली. धनुर्वात झाला. दिवा लावला तरी आचके यायचे म्हणून आम्ही खिडकीला काळं कापड बांधलं होतं. तिचा थोरला मुलगा दाराशी बसून असायचा, आठ-नऊ वर्षांचा. ती चौथ्या दिवशी गेली. पाप कुणाचं ते मला त्या वयात कळलं नाही, आजही सांगता येणार नाही.

तेव्हा १८६० चा कायदा होता. जीव वाचवायचं कारण नसेल तर गर्भपात करणारा गुन्हेगार, करून घेणारी बाईसुद्धा गुन्हेगार. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. पुढच्या काही वर्षांत ती खोली रिकामी होत गेली. मी तिथून बदलून गेले तेव्हा तिथे चादरींचं कपाट ठेवलेलं होतं.

तगर बाळ, तू योग्य ठिकाणी, योग्य वेळेत गेली आहेस. दोन्हींपैकी काहीही कर.

तगर

सिस्टर, तुमची पोस्ट वाचून नवऱ्यालाही वाचायला दिली.

दिवेलागण

पुरुषाने लिहावं का असा विचार करत होतो, पण लिहितो. बायकोने गोळ्या घेतल्या तेव्हा मी रजा टाकून घरी होतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट पाठ करायला लावली: मोठं पॅड तासाला दोन भरत असतील आणि असं सलग दोन तास चाललं तर वाट पाहायची नाही, गाडी काढायची. मी वहीत वेळ लिहीत बसलो होतो. ११.१० पॅड, १२.०५ पॅड, १२.५० पॅड. बायको म्हणाली, तू क्रिकेटचा स्कोअर लिहितो आहेस का. तिला त्या अवस्थेत हसू आलं म्हणून मला धीर आला. ती वही अजून घरात आहे.

सोबत माणूस हवंच. आणि त्याला काय बघायचं हे माहीत हवं. "मी आहे ना" एवढं पुरत नाही.

आंबेमोहर

दिवेलागण, तुमच्यासारखे नवरे वाढोत. त्यात दोन गोष्टी जोडते. दुसऱ्या गोळ्यांनंतर थंडी-ताप त्याच दिवशी येऊन जातो, पण दुसऱ्या दिवशीही १००.४ च्या वर ताप असेल किंवा घाण वास येत असेल तर दाखवायचं. आणि २४ तासांत अंगावरून काहीच गेलं नाही तरीही दाखवायचं. गर्भ पिशवीत नसून बीजवाहिनीत, म्हणजे पिशवीला जोडलेल्या बाजूच्या नळीत, असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही. ती बीजवाहिनी फुटली तर जीवावर बेततं, आणि थोडाफार रक्तस्राव झाल्यामुळे बाईला वाटत राहतं की काम झालं. आधी सोनोग्राफी करा म्हणून मी घसा कोरडा करते ती यासाठी.

सदाफुली

मेडिकलवाल्यांचा विषय निघाला आहे तर विचारते. आमच्या शहरात चिठ्ठी असूनही पाच दुकानांत मिळाल्या नाहीत. एकाने तर "असल्या गोष्टी ठेवत नाही" म्हणून मोठ्याने सांगितलं, दुकानात चार माणसं उभी होती. पुढे डॉक्टरांनीच दिल्या. असं का?

बोरूबहाद्दर

@सदाफुली, मी औषधांच्या घाऊक व्यवसायात आहे. २०१२ मध्ये बीडचं प्रकरण गाजलं, मुली पोटात मारल्या जातात म्हणून राज्यभर धरपकड आणि तपासण्या झाल्या. त्या रेट्यात या गोळ्यांवरही नजर आली. प्रत्येक पाकिटाचा हिशेब, बिल, चिठ्ठीची प्रत, चौकशी. दुकानदाराला एका पाकिटात सुटतात किती आणि डोक्याला ताप किती? बहुतेकांनी ठेवणंच बंद केलं. जे चोरून ठेवतात ते दुप्पट-तिप्पट भावाने, बिलाशिवाय विकतात, आणि रानवारांच्या बहिणीसारखं होतं ते त्यातूनच.

सदाफुली

पण नऊ आठवड्यांत मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत दिसतच नाही ना? मग या गोळ्यांचा लिंगनिदानाशी संबंध काय?

आंबेमोहर

दिसत नाही. अगदी बरोबर बोललात. लिंगनिदानाचा कायदा १९९४ चा वेगळा आणि गर्भपाताचा १९७१ चा वेगळा. पहिला मला प्राणापलीकडे महत्त्वाचा वाटतो, मी स्वतः अशा नवऱ्यांना हाकलून दिलं आहे. पण दोन्हींची सरमिसळ झाली की भुर्दंड पडतो तो सहा आठवड्यांच्या बाईला, आणि याची मला खरंच चीड आहे.

टेम्सकाठची_मराठमोळी

मी इंग्लंडमध्ये असते. इथे कोविडपासून फोनवर सल्ला घेऊन दोन्ही गोळ्या टपालाने घरी येतात, १० आठवड्यांच्या आत. २०२२ पासून ते कायमचं झालं. मी २०२१ मध्ये घेतल्या. सोय खूपच चांगली, पण एक सांगू? पाकीट आलं तेव्हा मी एकटी होते, बाहेर बर्फ पडत होता, आणि मला फक्त आईच्या हातचा आल्याचा चहा हवा होता. आईला अजूनही सांगितलेलं नाही.

जुईली

@टेम्सकाठची, कधी पुण्यात आलीस तर चहा माझ्याकडे.

कोरांटी

मी दुसऱ्या बाजूची. मी पिशवी साफ करून घेतली, कारण मला रक्ताकडे बघवत नाही. गोळ्यांमध्ये सगळं आपल्याला दिसतं, आपल्यालाच सावरावं लागतं. मला ते नको होतं. आठ वाजता उपाशीपोटी गेले, साडेदहाला टेबलावर, अकराला बाहेर. भुलीचं इंजेक्शन टोचताना दुखलं, मग ओटीपोटात आतून पिळल्यासारखं तीन-चार मिनिटं. सिस्टरने हात धरला होता. नंतर पाच दिवस डाग, तेवढंच.

माझ्या आईच्या पिढीत मात्र "क्युरेटिंग केलं की पुढे मूल होत नाही" हे ठाम होतं. मला त्यानंतर दोन वर्षांनी मुलगी झाली.

पिंपळपान

आमच्याकडे म्हातारी माणसं कच्ची पपई नि खजूर सांगायची. त्याने होत नाही का? म्हणजे औषधाविना.

निवृत्त_सिस्टर

नाही हो. पपईवर विसंबून थांबलेल्या कितीतरी बाया चौथ्या महिन्यात आलेल्या मी पाहिल्या. पपईची भाजी करा, छान होते, हरभऱ्याची डाळ घालून.

तगर

सगळ्यांचे खूप आभार. दोन शंका आहेत. एक, माझा रक्तगट बी निगेटिव्ह आहे, त्याने फरक पडतो का? दोन, नवऱ्याची सही लागते का? नवरा तयार आहे, पण त्याला त्या दिवशी आई-बाबांना डोळे तपासायला न्यायचं आहे.

आंबेमोहर

दुसऱ्याचं आधी. अठरा वर्षांच्या वरच्या बाईला फक्त स्वतःची सही लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. २०२१ च्या दुरुस्तीने लग्नाची अटही काढली, 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' याऐवजी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं की डॉक्टरांनी कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत. अनेक दवाखाने तरीही नवऱ्याची सही मागतात. कायद्याला धरून नाही ते. आणि तुमचं नाव फोडणाऱ्याला शिक्षा आहे, एक वर्षापर्यंत कैद.

रक्तगट: निगेटिव्ह गटाला आपल्याकडे बहुतेक डॉक्टर अँटी-डीचं इंजेक्शन देतात (पुढच्या गरोदरपणात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताला आईचं शरीर विरोध करू नये म्हणून), दोन्ही पद्धतींत. १२ आठवड्यांच्या आत त्याची गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटलं आहे, पण इथे अजून दिलं जातं. तुमच्या मॅडमशी बोला. गोळ्या की नळी हे मात्र त्यावरून ठरत नाही.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी एक. पुढची काळजी काय घेणार आहात? स्त्रीबीज आठ-दहा दिवसांतही सुटू शकतं, पाळीची वाट पाहत बसू नका. नळीने केलं तर कॉपर-टी त्याच टेबलावर बसवता येते. गोळ्यांनंतर पूर्ण झालं हे पाहून मग बसवतात, म्हणजे आणखी एक फेरी.

तगर

ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती.

रानवारा

मी पहिल्यांदा "गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका" लिहिलं ते मागे घेतो. आंबेमोहर यांची पोस्ट बहिणीला पाठवली. ती म्हणाली, हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर.

तगर

शनिवार. झालं. नळीने करून घेतलं.

ठरलं ते असं. गुरुवारी सकाळी बाथरूममध्ये होते, तेवढ्यात मुलाने दार बडवायला सुरुवात केली, मागोमाग सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, वेळ आहे का?" तिथेच कळलं की या घरात मला चार तास कळा सोसता येणार नाहीत. कॉपर-टीचंही एकाच फेरीत झालं. सासूबाईंना सांगितलं, कॉपर-टी बसवायला चालले आहे. ते खरंच होतं.

दुखलं. कोरांटीने लिहिलं तसंच, पिळल्यासारखं. छताला एक पंखा होता, त्याचं एक पातं थोडं वाकलेलं, मी तेच बघत होते. मॅडम बोलत राहिल्या, आता हे करते आहे, आता ते. सिस्टरने कपाळावर हात ठेवला. बारा वाजता चहा-बिस्किट दिलं, दोनला रिक्षाने घरी. संध्याकाळी सासूबाईंनी स्वतःहून मऊ भात केला, वर तूप. काही बोलल्या नाहीत. त्यांना कळलं असेल का, मला माहीत नाही. ताट पुढ्यात ठेवताना पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मात्र मला रडू आलं.

निवृत्त_सिस्टर

तूप-भात खा, झोप काढ. चार दिवस जड उचलू नकोस, मुलालाही नाही.

अबोली_नवीन

मी आजच सदस्य झाले. लग्न झालेलं नाही. नऊ आठवडे होत आले असावेत, नक्की माहीत नाही. एका मेडिकलमध्ये १५०० रुपयांत गोळ्या देतो म्हणाला, चिठ्ठी नको म्हणाला. आज रात्रीच घ्यायचा विचार होता, मग हा धागा सापडला. मी हॉस्टेलवर असते.

आंबेमोहर

थांब बाळ, आज रात्री घेऊ नकोस. वय काय तुझं? उद्या सकाळी सोनोग्राफी. उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय असेल तिथे जा. नऊ आठवडे उलटले असले तरी नळीचा रस्ता आहे, घाबरू नकोस. लग्न झालंय का हे कुणी विचारलं तर कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. मला निरोप पाठव, तुझ्या गावात कुठे जायचं ते सांगते.

अबोली_नवीन

२२. निरोप पाठवला आहे.

जुईली

कोण आहे तुझ्याबरोबर?

अबोली_नवीन

मैत्रीण आहे. तिला आत्ताच सांगितलं.

दिवेलागण

मैत्रिणीला वही-पेन घेऊन बसायला सांग. वरची माझी पोस्ट तिला दाखव.

अबोली_नवीन

आज जाऊन आले. ८ आठवडे ३ दिवस, पिशवीतच आहे. तिथल्या मॅडमनी लग्नाचं विचारलं नाही. सही फक्त माझी घेतली. पहिली गोळी तिथेच दिली. बाकीच्या परवा सकाळी, मैत्रिणीच्या मावशीकडे. मावशीला माहीत आहे, ती म्हणाली ये. मैत्रिणीने दोनशे पानी वही आणली आहे.